क्लोस्काचा तुकडा

झेनॉन पिंदोरच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, कुणी काय भेट आणावी याला काही धरबंध नव्हता. स्वीडनमधल्या गोथेनबर्गातल्या पोलिश वादकांपैकी एकाने काकडीच्या लोणच्याची बरणी आणली होती, एकाची बायको खसखशीचा केक घेऊन आली होती, आणि ट्रम्पेटवाल्या टाडेउशने आणली होती एक कोरी करकरीत रेकॉर्ड.

"तुमच्याच बँडची आहे," तो झेनॉनला म्हणाला. "तुला फुकट मिळाली असेलच. पण मागे तुझा फोटो आहे, म्हटलं दोन असल्या तर एक आईला पाठवशील."

फुकट मिळाली नव्हती. झेनॉनला नाही आणि लुदेकलाही नाही. रेकॉर्ड बाजारात आलीय हेही दोघांना तेव्हाच कळलं.

लुदेक, म्हणजे लुदोमिर कान्या, त्या बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि झेनॉन ड्रम. दोघंही पोलंडातल्या सिलेशिया या खाणींच्या प्रांतातले, झाब्झे गावचे, कोळशाच्या धुरात वाढलेले. बँड होता सिक्स्टेन हालग्रेन नावाच्या स्वीडिश पियानोवाल्याचा. आठवडाभर बंदरावरच्या हॉटेलात जेवून सुस्तावलेल्या जोडप्यांसाठी नाचाची गाणी वाजवायची आणि रविवारी दुपारी दोन तास मनासारखा जाझ. त्या दोन तासांसाठी लुदेकने तीन वर्षं तो सुस्तावलेला आठवडा सहन केला होता. आणि पुढेही सहन करावा लागणार होता, कारण दर शरद ऋतूत कामाचा परवाना वाढवायला हालग्रेनचं पत्र लागायचं.

लुदेकने रेकॉर्डचं पाकीट उलटं करून नावं वाचली. तिसरी रचना: 'उत्तरेचा धक्का'. संगीत: एस. हालग्रेन.

"लाव जरा," तो झेनॉनला म्हणाला.

रेकॉर्ड फिरू लागली. तिसऱ्या रचनेची सुरुवात झाली आणि पाचव्या सेकंदाला खोलीतली बडबड थांबली. त्या खोलीत सात जण सिलेशियाचे होते. टाडेउशच्या बायकोने केक कापता कापता सुरी वर धरली आणि ती म्हणाली, "अगं बाई, हा तर क्लोस्काचा तुकडा."

"तोच," झेनॉन म्हणाला आणि त्याने लुदेककडे बघायचं टाळलं.

लुदेकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नामदिन दुसऱ्याचा, म्हणून तो उठून गेला नाही. पण समोरच्या बशीतला कोबी-मांसाचा बिगोस तसाच राहिला, आणि ब्रोन्काने, त्याच्या बायकोने, टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला तो घरी निघेपर्यंत सोडला नाही.

आता या तुकड्याची हकीगत सांगायला हवी, नाहीतर लुदेक एवढा का पेटला ते कळायचं नाही.

एकोणीसशे पंचावन्न साली झाब्झेत जाझच्या रेकॉर्डी मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या असत्या तरी घ्यायची कुणाची ऐपत होती. जाझ यायचा रेडिओवर, लघुलहरींवर, कधी स्वच्छ तर कधी पाण्यातून आल्यासारखा. तो ऐकायचा, ऐकता ऐकता कागदावर उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी वाजवायचा, ही तिथली शाळा. या शाळेत सगळ्यात तीक्ष्ण कान गेरार्ड क्लोस्काचा. दिवसा तो खाणीत दिव्यांच्या खोलीत कामाला असायचा आणि संध्याकाळी खाणीच्या क्लबात पियानोवर. एका संध्याकाळी लुदेक त्याच्याकडे बसला होता. रेडिओवर एका अमेरिकन पियानोवाल्याची नवी चीज लागली. दोघं कागद घेऊन सरसावले. सुरुवात छान उतरली, आणि नेमकं मधलं वळण आलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने आपलं विजेचं शिलाईचं मशीन सुरू केलं. रेडिओतून नुसती घरघर. पंधरा सेकंदांनी शिंप्याची शिवण संपली तेव्हा चीज पुन्हा सुरुवातीच्या सुरावर आलेली.

लुदेक गेरार्डच्या तोंडाकडे बघत राहिला. गेरार्डने थोडा वेळ डोळे मिटले आणि पेन्सिल उचलली. "मला लागलं ऐकू," तो म्हणाला, आणि मधला तुकडा लिहून काढला.

काय तुकडा होता तो. उतरत उतरत एका जागी असा थांबायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं आता हा रडणार, आणि मग तो सरळ घरी यायचा. गेरार्डच्या कागदावरून लुदेकने उतरवला, लुदेकच्या कागदावरून झेनॉनने, आणि दोन वर्षांत सगळा सिलेशिया ती चीज तशीच वाजवू लागला. तुकड्याला नाव पडलं 'क्लोस्काचा', कारण क्लोस्काने तो घरघरीतून ऐकून काढला. आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर, प्रामाणिकपणाने, नाव लिहिलेलं असायचं त्या अमेरिकन माणसाचं.

एकाहत्तर साली लुदेकला परदेशी जायचा करार मिळाला. गेरार्डनेही पासपोर्टसाठी अर्ज केला होता, तीनदा. तीनदा नाकारला. का ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. लुदेक एकटाच आला; झेनॉन यायला अजून वर्ष होतं. दुसऱ्याच रविवारी त्याने हालग्रेनच्या बँडबरोबर तीच चीज वाजवली. मधलं वळण आलं, त्याने क्लोस्काचा तुकडा धरला आणि बाकीचे चौघे भलतीकडेच गेले. कार्यक्रमानंतर हालग्रेनने त्याला आणि बाकीच्यांना घरी नेलं, मूळ रेकॉर्ड लावली आणि ऐकवली. मधे काही नव्हतं. अमेरिकन माणसाने पहिलाच भाग पुन्हा वाजवला होता, दुसऱ्या पट्टीत, बस. चौघेही हसले. दुष्टपणाने नव्हे, पण हसले. "कुणी शिकवलं रे तुला हे?" बासवाल्याने विचारलं, आणि पुढचे सहा महिने लुदेकला त्या बँडमध्ये 'शिलाई मशीन' म्हणत. ती हकीगतही त्यानेच भोळेपणाने सांगितली होती.

पण हालग्रेन हसायचा लवकर थांबला. काही दिवसांनी त्याने लुदेकला तो तुकडा पुन्हा वाजवायला सांगितला. मग पुन्हा. मग एका रविवारी स्वतःच पियानोवर धरला. गेल्या हिवाळ्यात रेकॉर्डिंगला गेले तेव्हा त्याने अमेरिकन माणसाची चीज काढून टाकली होती आणि त्या पंधरा सेकंदांच्या भोवतीच नवी रचना बांधली होती. समोरच्या कागदावर फक्त 'क्रमांक तीन' असं लिहिलेलं. लुदेकने त्या दिवशी इतकं चांगलं वाजवलं की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला उठून उभा राहिला. वेडा बिचारा खूश होता, की गेरार्डचा तुकडा शेवटी रेकॉर्डवर येतोय. गेरार्ड वर्षभरापूर्वी छातीच्या आजाराने गेला होता, आणि लुदेकला मातीलाही जाता आलं नव्हतं, कारण एकदा परत गेला असता तर सीमेवर काढून घेतलेला पासपोर्ट पुन्हा मिळाला नसता.

तर असा तो तुकडा. आणि संगीत म्हणे एस. हालग्रेन.

सोमवारी सकाळी लुदेक हालग्रेनच्या घरी गेला. हालग्रेनने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे केला आणि लुदेक बोलेपर्यंत साळसूदपणे खिडकीबाहेर बघत राहिला. स्वीडनमध्ये मालकालाही 'तू' म्हणतात. लुदेकला ते तीन वर्षांत जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं.

"तो तुकडा तुझा नाही."

"तुझा आहे का?" हालग्रेनने विचारलं.

"माझाही नाही. गेरार्ड क्लोस्काचा आहे. तुला माहितेय. मी तुला सांगितलंय, दहा वेळा."

"तू मला सांगितलंस की तुझा एक मित्र होता, त्याला नीट ऐकू आलं नाही. चूक म्हणजे रचना नव्हे, लुदेक. आजूबाजूची सगळी बांधणी माझी आहे. तरी तुझं मन मोडायचं नाहीये मला. पुढच्या महिन्यात रेकॉर्ड पुन्हा छापतायत. 'हालग्रेन आणि कान्या' असं लिहू. झालं?"

"कान्या कशाला? कान्याने काय केलंय?"

"तू तो इथे आणलास."

"मी सुटकेसही आणली. ती मी शिवली नाही."

हालग्रेन हसला. शांत माणूस होता, आवाज चढवायचा नाही, आणि याचाच लुदेकला जास्त संताप आला. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे गादीला बुक्क्या मारायच्या. "हे बघ," तो म्हणाला, "नाव छापायचं तर कंपनीला काहीतरी लेखी लागतं. तुझ्या मित्राने हे रचलं असं दाखवणारा एक कागद आण. एकच आण. मी स्वतः नाव बदलून घेईन."

घरी आल्यावर ब्रोन्काने सगळं ऐकून घेतलं आणि ती कणीक तिंबत म्हणाली, "मग घे ना तुझं नाव. फुकट देतोय तर."

"फुकट कुठे देतोय? दुसऱ्याचं देतोय."

"दुसरा मातीत आहे, लुदेक. त्याला काय स्वर्गात रेकॉर्ड वाजवून दाखवायचीय? ऑक्टोबरात परवाना वाढवायचाय, पत्र कोण देणार, गेरार्ड देणार? आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे बसून वाजवलंस. एकदा नाव येतंय पाकिटावर, तर साहेबांना लाज वाटतेय."

"हो, वाटतेय."

"मग वाट बघ लाजेने पोट भरायची," ब्रोन्का म्हणाली, आणि पिठाचा गोळा तिने असा आपटला की खालच्या मजल्यावरच्या बाईने काठीने छत ठोकलं.

लुदेक झेनॉनकडे गेला. झेनॉनपाशी अजून तो जुना कागद होता, छप्पन्न सालचा, घडीवर फाटलेला, चहाचे डाग पडलेला. मधला तुकडा अगदी स्पष्ट लिहिलेला. पण झेनॉनने तो लगेच हातात दिला नाही.

"माझं नाव यात घेऊ नकोस हं," तो म्हणाला. "मी बायको-पोरांना इथे आणायच्या खटपटीत आहे. हालग्रेन म्हणाला झेनॉनने कागद दिला, तर मी म्हणणार मला ठाऊक नाही."

"गेरार्डने तुला ड्रमवर बसवलं, आठवतंय? तू अकॉर्डियन पिळत होतास तेव्हा."

"आठवतंय. म्हणून तर कागद देतोय. पण साक्ष देणार नाही."

लुदेक कागद घेऊन गेला. हालग्रेनने तो दोन्ही हातांनी जपून धरला, चष्मा लावून वाचला आणि बोट ठेवलं माथ्यावर. तिथे, झेनॉनच्या वळणदार अक्षरात, अमेरिकन माणसाचं नाव होतं.

"हा कागद म्हणतोय की हे त्याचं आहे," हालग्रेन म्हणाला.

"आम्हाला वाटायचं त्याचं आहे. म्हणून लिहिलं. चोरी आवडत नाही आम्हाला."

"पण त्याच्या रेकॉर्डवर हे नाही. म्हणजे त्याचं नाही. तुम्ही सगळे वर्षानुवर्षं म्हणत होतात की तुमचंही नाही. मग कुणाचंच नाही, लुदेक. रस्त्यात पडलं होतं, मी उचललं."

रस्त्यात पडलं होतं. ज्या माणसाला तीनदा पासपोर्ट नाकारला, जो दिवसभर खाणीतले दिवे पुसून काळ्या नखांनी पियानोवर बसायचा, त्याच्या डोक्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणे रस्त्यात पडली होती. लुदेकने कप बशीवर ठेवला तो फुटला नाही एवढंच. त्याच्या मनात आलं, की आपल्याच लोकांचा हा गाढवपणा आहे. दुसऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि आपलं लिहायला लाजायचं. आणि मग कुणी उचलून नेलं की बोंब मारायची.

पण लुदेकने एक गोष्ट ब्रोन्कालाही सांगितली नव्हती. हालग्रेनने मागितलेला कागद त्याच्यापाशी होता. तीन वर्षं गिटारच्या पेटीत, तारांच्या पाकिटाखाली होता. तो गेरार्डच्या हातचा होता, खाली सही होती, वर तारीख होती. तो दाखवायचा नाही असं लुदेकने ठरवलं होतं, आणि झेनॉनच्या कागदावर भागलं असतं तर दाखवलाही नसता.

दोन दिवस तो स्वतःशीच भांडला. हालग्रेनला शिव्या देताना आवाज चढायचा आणि त्या कागदाची आठवण झाली की बसायचा. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्याने रेकॉर्ड कंपनीत फोन केला आणि सांगितलं की पुरावा आहे, हालग्रेनलाही बोलवा.

कंपनीच्या कचेरीत गुनवोर लिंद नावाची मध्यमवयीन बाई नावांचं काम बघायची. पाकिटावर कुणाचं नाव जायचं, कोणत्या स्पेलिंगने, ते तिच्या हातात. हालग्रेन आधीच येऊन बसला होता. लुदेकने पत्र काढलं. गुनवोर बाईंना पोलिश येत नव्हतं, हालग्रेनलाही नाही.

"तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या. "स्वीडिशमध्ये सांगत सांगत. मी लिहून घेते. नंतर हवं तर अधिकृत भाषांतर करून घेऊ."

लुदेकने हे गृहीत धरलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं कागद द्यायचा आणि तोंड फिरवून बसायचं. तो वाचू लागला.

"'प्रिय लुदेक, तुझं पत्र मिळालं. तू म्हणतोस ते सगळं खरं आहे. मला काही ऐकू आलं नव्हतं. मशीन थांबलं तेव्हा तो भाग होऊन गेला होता. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, आणि मला ऐकू आलं नाही असं म्हणायची मला लाज वाटली. म्हणून मी माझ्याच मनाने काहीतरी जुळवून लिहिलं. एवढ्या मोठ्या माणसाने असंच काही केलं असेल असं तेव्हा वाटलं. पुढे सगळेच वाजवायला लागले आणि मला खरं सांगायचा धीर झाला नाही.'"

गुनवोर बाईंचं पेन भराभर चालत होतं. लुदेक थांबला. एवढ्यावर काम झालं होतं. पण बाईंनी मान वर केली, कागदाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे बघितलं आणि वाट बघत राहिल्या.

"'चूक माझी एकट्याची आहे. क्लबातल्या मुलांना मी सांगितलंय की तो तुकडा आता वाजवू नका, आणि मीही वाजवत नाही. तसं म्हटलं तर पियानोवर बसणंच कमी केलंय, छातीमुळे. माझ्यामुळे परक्या लोकांत तुझी मान खाली गेली, त्याबद्दल माफ कर. आई विचारतेय, तिकडे पोटभर जेवतोस ना. तुझा गेरार्ड.'"

कचेरीत कुणीतरी शेजारच्या खोलीत टंकयंत्र चालवत होतं. गुनवोर बाईंनी तारीख विचारली, लुदेकने सांगितली, नोव्हेंबर एकाहत्तर. त्यांनी पत्र त्याच्या हातून घेतलं, सही बघितली आणि हालग्रेनकडे वळल्या. "हे पुरेसं आहे," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंगच्या दोन वर्षं आधीचं आहे, आणि तो स्पष्ट म्हणतोय मी माझ्या मनाने जुळवलं. तुमची काही हरकत?"

हालग्रेनने मान हलवली. हरकत नव्हती. त्याने आपल्या शब्दाप्रमाणे फॉर्म पुढे ओढला आणि स्वतःच्या नावाच्या आधी जागा सोडून सही केली. मग पेन खाली ठेवून लुदेकला विचारलं, "तू त्याला काय लिहिलं होतंस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"त्याने माफी मागितलीय. कशाबद्दल?"

लुदेकला खोटं सांगता आलं असतं. पत्र त्याचं, भाषा त्याची, मेलेला माणूस त्याचा. पण खोटं शोधायच्या आधीच तो बोलून गेला. "लिहिलं, की पंधरा वर्षं तू आम्हाला भिकार काहीतरी वाजवायला लावलंस. लोक हसले मला. लिहिलं, की बहिऱ्याने पियानोला हात लावू नये."

हालग्रेनने फॉर्म गुनवोर बाईंकडे सरकवला. नेहमीसारखा आवाज न चढवता तो म्हणाला, "मी त्याची चोरी केली, कबूल आहे. पण मला तो तुकडा आवडला म्हणून केली. त्याला ते कळलं असतं, तर त्याने तो वाजवायचा थांबवला नसता."

लुदेकने आठवडाभर या माणसासाठी शिव्या साठवल्या होत्या, पोलिश आणि स्वीडिश, क्रमाने लावून. त्यातली एकही आता कामाची नव्हती. तो म्हणणार होता की हसायला तूच सुरुवात केलीस, तुझ्याच घरात. तेही खरं होतं. पण हसणाऱ्यांनी काही झाब्झेला पत्र पाठवलं नव्हतं.

"नावाचं स्पेलिंग सांगा," गुनवोर बाई म्हणाल्या. त्याने एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून त्याला दाखवलं: संगीत, गेरार्ड क्लोस्का. खाली, बांधणी, एस. हालग्रेन. बरोबर आहे, लुदेक म्हणाला.

"वारस कोण?"

"आई आहे." त्याने झाब्झेतला पत्ता सांगितला, गल्ली, घराचा क्रमांक, मजला. शिंप्याच्या खालचा.

"त्यांना कळवावं लागेल. तुम्ही ओळखीचे आहात, तुम्हीच लिहिता का आधी? परक्या कचेरीचं पत्र आलं तर म्हाताऱ्या बाई घाबरतील."

"नको," लुदेक म्हणाला. "तुम्हीच पाठवा. माझं अक्षर त्या घरात ओळखतात."